विकता येणार नाही असा हक्क

ऐरोलीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगो बघायला होडी सुटते. थंडी सरता सरता रविवारची जागा मिळणं अवघड होतं, म्हणून आम्ही मधल्याच एका बुधवारी गेलो. होडीतले सगळे मोबाइल वर करून बसले होते. मी मागे, इंजिनाशेजारी, होडी चालवणाऱ्या दादांजवळ. एका बाजूला तिवरांची, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीची भिंत, दाट, हिरवीगार. पुढून एक काकू म्हणाल्या, "किती जुनं जंगल असेल नाही हे!" दादांनी सुकाणू न सोडता माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ते तिवरान आमचे आज्याची शेती व्हती."

मी ऐरोलीच्या सेक्टरात वाढलो. वडील साताऱ्याहून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात नोकरीला आले. आम्हा सेक्टरवाल्यांच्या डोक्यात खाडीची गोष्ट ठरलेली असते : आधी जंगल होतं, मग माणूस आला, त्यानं जंगल तोडलं, आता उरलेलं वाचवायचं. दादांच्या एका वाक्यात तो क्रम उलटा झाला. आधी भात होता, मग तिवर आला. शाळेच्या सहलींत, पोस्टरांवर, पर्यावरण दिनाच्या भाषणांत ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. ती ऐकली नाही म्हणून खाडी वाचवण्याच्या आपल्या सगळ्या योजना एका पायावर लंगडत चालल्या आहेत, असं मला वाटतं.

ठाण्यापासून उरणपर्यंत खाडीकाठची गावं आगरी-कोळ्यांची. ऐरोलीलगतचं दिवा, घणसोली, वाशीगाव, सारसोळे, करावे, बेलापूरचं दिवाळे. पलीकडे ठाण्यात चेंदणी, विटावा, कळवा, बाळकुम, कोलशेत. कोळी पाण्यावर आणि आगरी मिठागरात नि शेतात, असं पुस्तकात लिहितात. गावात ही रेघ इतकी सरळ कधीच नव्हती. भात कापला की आगऱ्याच्या हातात पाग, म्हणजे फेकायचं जाळं, असायचा. ही शेती होती खाजणातली. भरतीचं पाणी येणाऱ्या जमिनीभोवती चिखलाचा बांध घालायचा आणि बांधाला लाकडी झडपेची उघाडी ठेवायची. भरतीला ती बंद, ओहोटीला उघडी, म्हणजे पावसाचं गोडं पाणी बाहेर पडतं आणि खारं आत शिरत नाही. पहिल्या पावसानं मीठ धुऊन निघालं की खारं सोसणारा राताचा तांबडा भात पेरायचा. इंग्रजांच्या काळात ठाणे जिल्ह्यात अशा जमिनींना शिलोत्री म्हणत आणि त्यांची वहिवाट वेगळी लावलेली असे. आज पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, ते याच शेतीसाठी.

बांध एकट्याचा नसतो. एका जागी फुटला तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी. म्हणून बांधाची राखण सगळ्यांची. कोणी किती माती टाकायची, कोणत्या घरातला माणूस उधाणाच्या रात्री बांधावर जागा राहणार, हे ठरलेलं असे. अलिबागच्या खारेपाटात या व्यवस्थेला जोळ म्हणत. आणि बांधाच्या बाहेरचा तिवर कापून मोकळा करायचा नाही, कारण लाट आधी त्याच्या अंगावर फुटते, मग बांधावर येते. सरपणाला फांदी घेतली, म्हशीला पाला घातला, एवढं चालायचं. सुती जाळ्यांच्या दिवसांत कांदळाच्या सालीचा काढा जाळं टिकवायला लागे. पण अख्खी रांग गेली तर बांध गेला.

याला पर्यावरणप्रेम म्हणायचं का? मला तो शब्द इथे तोंडात बसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तिवर बांधाच्या आत उगवला म्हणजे शेत हातचं गेलं. बांधाबाहेर तो रक्षक आणि बांधाच्या आत शत्रू. एकाच झाडाशी दोन नाती, आणि ती कुठे बदलतात ते ठरवणारी चिखलाची एक ओळ. या लोकांकडे जे ज्ञान होतं ते झाडाचं कमी आणि पाण्याचं जास्त होतं : अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, पुनवेला-अवसेला उधाण, खाडीच्या कुठल्या नाळीतून, म्हणजे फाट्यातून, पाणी किती आत चढतं, कुठे गाळ बसतो, चिंबोरी बिळात कधी आणि बाहेर कधी. तिवराचं जगणं-मरणं पाण्यावर ठरतं, म्हणून ज्याला पाणी कळतं त्याला तिवरही कळतो.

१९७० साली नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, आलं. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. जमीन संपादनात जाणार म्हटल्यावर बांधावर माती कोण टाकणार? उधाणाच्या रात्री कोण जागणार? उघाड्या कुजल्या, बांध फुटले, खारं पाणी शेतात आलं आणि पाण्याबरोबर तिवराची बी आली. वरून शहराचं सांडपाणी, कारखान्यांचा गाळ आणि टेकड्यांवरून सुटलेली माती यांनी खाडी उथळ होत गेली. नव्या चिखलावरही तिवर चढला. दादांच्या आज्याचं शेत असं जंगल झालं. उपग्रहाच्या चित्रात ही वाढच दिसते आणि वाढ दिसली की आपल्याला आनंद होतो. दिवाळ्याच्या कोळ्याला त्याच वाढीत दिसतं ते वेगळं : होडी काढायची नाळ बुजली, जेट्टीपर्यंत ओहोटीला पोचता येत नाही आणि वाटेत आलेली फांदी छाटली तर गुन्हा दाखल होतो.

जमिनीच्या मोबदल्यासाठी काय झालं ते नवी मुंबईत कुणाला सांगायला नको. जानेवारी १९८४, जासई, दि. बा. पाटलांचं आंदोलन, गोळीबार, पाच शेतकऱ्यांचा मृत्यू. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना निदान भांडायला कागद होता. खाडीचा सातबारा नसतो. जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या खाडीत पाग टाकतो, बोकशी लावतो, जी बाई गुडघाभर चिखलात उतरून निवट्या आणि कालवं काढते, तिच्या नावावर त्या पाण्यातलं काहीच नाही. उरण-पनवेलच्या खाड्यांत चिंबोऱ्या धरणारे कातकरी तर कुठल्याच यादीत नसतात. पूल आला, बंदर वाढलं, खाडीत भराव पडला की यांचं काय गेलं हे मोजायला कुणाकडे माप नव्हतं.

ते माप कोर्टात घडलं आणि घडवलं कोळ्यांनीच. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी तिथल्या जेएनपीटी बंदराच्या चौथ्या टर्मिनलविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ च्या निकालात लवादानं १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला आणि भार जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको या तिघांवर टाकला. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीगावच्या मरीआई मच्छीमार संस्थेनं मुंबई उच्च न्यायालय गाठलं. २०२१ मध्ये न्यायालयानं पूल थांबवला नाही, पण मच्छीमारांचा रूढीनं चालत आलेला हक्क मानला आणि भरपाई द्यायला लावली. दोन्ही निकाल मोठे आहेत. तरीही दोन्हीतली गोष्ट एकच : आधी नुकसान, मग पैसे. खाडी राखण्याचा हक्क असं त्यात काही नाही, खाडी गेल्यावर तिची किंमत मागण्याचा आहे.

सरकारनं आणि न्यायालयानं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशानं आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालानं उच्च न्यायालयानं राज्यभरची कांदळवनं, म्हणजे तिवर-कांदळांची ही जंगलं, तोडायला मनाई केली, भोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखून ठेवला आणि कांदळवन नष्ट करणं हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असं स्पष्ट म्हटलं. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, असा कक्ष असणं त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. २०१५ मध्ये १,६९० हेक्टरचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. २०२२ मध्ये खाडीचं ६,५२१ हेक्टर क्षेत्र जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. हे आदेश नसते तर पामबीच रोडच्या पश्चिमेला आज तिवराऐवजी टॉवर दिसले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सारसोळ्याचा बामनदेव पामबीचच्या कडेला तिवरांच्या सावलीत आहे. तो आज तिथे आहे यात श्रद्धेचा वाटा जेवढा, तेवढाच त्या आदेशांचाही असेल.

पण हे सगळं संरक्षण झाडं मोजतं. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार कांदळ तोडायला परवानगी मिळाली, तेव्हा आधीचा आकडा ५३ हजारांचा होता म्हणून ही बचतच झाली, असं सांगितलं गेलं. एका झाडामागे पाच लावायची. लावायची कुठे? जिथे भरतीचं पाणी नीट फिरतं तिथे तिवर आपणहून येतो, त्याला रोपवाटिकेची गरज नाही. जिथे फिरत नाही तिथे पाच लावा की पन्नास लावा. हा हिशोब मांडणाऱ्या एकाही कागदावर पाण्याची वाट नाही.

आणि तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. नाळीच्या तोंडावर चार डंपर डेब्रिज टाकलं, रस्त्याखालचा मोरीचा पाइप बुजवला की काम झालं. पाणी आत येणं थांबतं किंवा आत आलेलं बाहेर पडत नाही, चिखलातून वर आलेली श्वासमुळं गुदमरतात, आणि काही महिन्यांनी जंगल उभ्या उभ्या वाळतं. उपग्रहाला ते वाळल्यावर दिसतं. कुऱ्हाडीच्या खुणा नसल्यानं पंचनाम्यात लिहायला काही सापडत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरुळ भागात फ्लेमिंगो मेले, तेव्हाही चर्चा पाण्याच्या बंद वाटांपाशीच येऊन थांबली. अशी वाट बंद झाल्याचं पहिल्या आठवड्यात कुणाला कळतं? ज्याच्या पागात बोय यायची थांबते त्याला. जिच्या टोपलीत चिंबोऱ्या कमी पडतात तिला. त्यांनी जाऊन सांगावं कुणाला, आणि कोणत्या नात्यानं? वनरक्षकाच्या लेखी ते अभयारण्याच्या हद्दीत वावरणारे लोक. अभयारण्य झालं तेव्हा पारंपरिक मासेमारीला धक्का लागणार नाही असं सांगितलं गेलं, ते ठीकच. पण ती मुभा आहे. मुभा देणाऱ्याची बदली झाली की मुभेचा अर्थही बदलतो.

इथे मला २००६ चा वनहक्क कायदा आठवतो. खाडीच्या चर्चेत तो कुणी काढत नाही, कारण वनहक्क म्हटलं की डोळ्यांसमोर गडचिरोली येते. २००९ मध्ये तिथल्या मेंढा-लेखा गावानं सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा महाराष्ट्रानं तिथून ऐकली. पण कायदा उघडून बघा. कलम ३(१) मध्ये जे सामूहिक हक्क मोजले आहेत त्यांत मासळी आणि जलाशयातलं इतर उत्पन्न यांचा हक्क नाव घेऊन लिहिलेला आहे. आपली कांदळवनं आता कायद्यानं वन म्हणून जाहीर होत आली आहेत, अभयारण्यही या कायद्याच्या कक्षेतच येतं. सोनकोळी आणि आगरी अनुसूचित जमातींत नाहीत, हे खरं. पण कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' असा दुसरा वर्ग आहे, त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं, वास्तव्य आणि त्या वनावरची उपजीविका दाखवावी लागते. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्याला ७५ वर्षं दाखवणं जड जाऊ नये.

माझ्या मते खरी किंमत आहे ती कलम ४(४) ला. या कायद्यानं मिळालेला हक्क वारशानं जातो, पण तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आणि कलम ५ त्याच लोकांना आणि त्यांच्या ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकारही देतं. साडेबारा टक्क्यांशी याची तुलना करा. तो भूखंड विकता येत होता म्हणून विकला गेला. कुणाच्या लग्नात, कुणाच्या कर्जात, कुणाच्या नव्या गाडीत. गावकऱ्यांना यावरून नावं ठेवणारे आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत, आणि ते स्वतः अशाच एका विकल्या गेलेल्या भूखंडावरच्या इमारतीत राहतात. माझं घरही तसंच. पैशात रूपांतर होणारी गोष्ट हातात दिली तर तिचे पैसे होणारच, त्यात आगरी काय नि सातारकर काय. म्हणून खाडीकाठच्या माणसाला या वेळी असं काहीतरी द्यायला हवं, ज्याचे पैसे करता येणार नाहीत.

यावरचा आक्षेप मी रोज ऐकतो. "हेच लोक रात्री डेब्रिजच्या गाड्या आत सोडतात. गावठाणाबाहेर तिवर कापून चाळी कुणी बांधल्या?" आक्षेप निराधार नाही. गाड्या आत येतात तेव्हा नाक्यावरच्या कुणाला तरी पैसे मिळतात आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा गावातलाच असतो. भूमिपुत्र या शब्दावर निवडणुका लढवणारे आणि भरावाचं कंत्राट घेणारे कधी कधी एकाच बॅनरवर दिसतात. 'निसर्गाच्या कुशीतला मूलनिवासी' वगैरे चित्र रंगवणाऱ्यांनी एकदा खाडीकाठच्या नाक्यावर रात्री दोन वाजता उभं राहून बघावं.

पण त्या नाक्यावर पैसे घेणारा आणि सकाळी चिखलात उतरणारी बाई, हे दोघं गावातलेच असले तरी त्यांचं हित एक नाही. डेब्रिजनं एकाला हजार मिळतात, दुसरीची रोजची टोपली जाते. आज त्या बाईच्या हातात पहिल्याला थांबवण्याचं काहीच साधन नाही. तिनं तक्रार केली तर ती शेजाऱ्याशी भांडण करणारी बाई ठरते. खाडीवर तिच्या समूहाचा नोंदवलेला हक्क असेल, तर मात्र गाडी सोडणारा सगळ्या समूहाची चोरी करत असतो, आणि त्याला गावच्या बैठकीत उभं करता येतं. बांध फोडणाऱ्याला पूर्वी असंच उभं करत. समूह म्हणजे साधुसंतांची टोळी नव्हे. शेजाऱ्याच्या अप्रामाणिकपणाची किंमत ज्यांना आधी मोजावी लागते त्यांचा तो जमाव.

उपजीविकेच्या योजना आहेतच, असं कांदळवन कक्षाची बाजू घेणारे सांगतील. २०१७ पासूनची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना मी वाईट म्हणणार नाही : खेकडेपालन, कालवं, जिताड्याचे पिंजरे, गटांना भरघोस अनुदान, गावोगावी सहव्यवस्थापन समित्या. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, माहितीही त्याच सांगतात. ऐरोलीच्या होडीत मात्र माहिती सांगणारा गाइड आणि होडी हाकणारे दादा अशी विभागणी असते. ज्या माणसाला त्या जागेचा इतिहास माहीत आहे त्याचं काम फक्त सुकाणू धरायचं. त्यांना माइक दिला असता तर त्या दिवशी काकूंच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं. पण माइक मिळून तरी काय, अनुदान आणि सफर या दोन्ही गोष्टी वरून येतात आणि वरून बंद होतात. नाळ बुजवणाऱ्या प्रकल्पाला 'थांबा, आधी आमची संमती घ्या' असं म्हणायची ताकद त्यांत नाही.

एक अडचण मात्र खरोखर किचकट आहे. वनहक्क कायद्याचा सगळा डोलारा ग्रामसभेवर उभा आहे आणि आमच्याकडे ग्रामसभा उरलेली नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महापालिका आली, १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महापालिका, आणि हद्दीतल्या ग्रामपंचायती इतिहासजमा झाल्या. दिवाळे आता प्रभाग आहे, त्यात कोळीवाडाही आहे आणि सेक्टरही. प्रभागातल्या सगळ्यांना मत दिलं तर मी आणि माझे शेजारी संख्येच्या बळावर खाडीचे मालक होऊ, ज्यांनी पागाला कधी हात लावला नाही. तेव्हा सभा कोळीवाड्याची आणि गावठाणाचीच असायला हवी. राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभा नावाची तरतूद कागदावर आहे. त्यातून खाडीवर जगणाऱ्या वस्त्यांच्या सभा वेगळ्या मान्य करणं हे शासनाच्या हातातलं काम आहे, त्याला संसदेत जावं लागत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद रजिस्टर तयारच आहेत. त्यांत कातकऱ्यांची आणि चिखलात उतरणाऱ्या बायकांची नावं मात्र मुद्दाम घालावी लागतील, कारण होडी नसलेल्याला संस्था सभासद करून घेत नाही.

आम्ही सेक्टरवाल्यांनी यात काय करायचं? गेल्या काही वर्षांत नवी मुंबईत पाणथळ जागांसाठी मानवी साखळ्या झाल्या, याचिका झाल्या, त्यांतल्या काहींना यशही आलं. मीही एका साखळीत उभा होतो. आजूबाजूला बघितलं तर कोळीवाड्यातली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं, हे उत्तर अर्धंच आहे. आम्ही पक्षी वाचवायला उभे होतो आणि त्यांना होडीची वाट मोकळी हवी होती, आणि या दोन मागण्यांना लागणारं पाणी एकच आहे हे दोघांपैकी कुणीच एकमेकांना सांगितलं नव्हतं.

वनहक्काच्या सामूहिक दाव्याचा अर्ज 'ब' नमुन्यात करतात. पुराव्यांच्या यादीत जुने नकाशे, गॅझेटिअर, सरकारी नोंदी यांच्याबरोबर एक साधी गोष्ट चालते : गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब. होडी जेट्टीला लागल्यावर मी दादांना विचारलं, उघाडीवर राखणीला बसलेलं कुणी आता आहे का? ते म्हणाले, गावात दोघं होते, एक गेल्या शिमग्याला गेले. दुसऱ्यांना ऐकू कमी येतं, पण बांध कुठून कुठे होता ते हातानं दाखवतात.